जिऱ्याएवढी इमारत

गेल्या आठवड्यात घरी नवं मशीन आलं. मी टोरोंटोच्या एका फर्ममध्ये इमारतींची कॉम्प्युटरवरची मॉडेल्स सांभाळते आणि निम्मा आठवडा रिचमंड हिलच्या घरूनच काम करते. जुन्या मशीनने हात टेकले होते. हल्ली इमारतीचं नुसतं चित्र काढून भागत नाही. आतला प्रत्येक खांब, पाइप, वायर, अगदी दाराची बिजागरीसुद्धा मॉडेलमध्ये असते, आणि ते सगळं एकदम फिरवून बघायचं म्हटलं की जुन्या डब्याचे पंखे घरघरायला लागायचे आणि पडदा गोठून बसायचा. म्हणून हे नवं. भरपूर मेमरी, वेगवान प्रोसेसर आणि विटेएवढं ग्राफिक्स कार्ड. सॉफ्टवेअर विकणारे याला 'किमान गरज' म्हणतात. त्यांची किमान गरज नेहमीच माझ्या कमाल स्वप्नाच्या दोन पावलं पुढे असते.

मी खोकं उघडून सगळं टेबलावर मांडत होते तेव्हा माझी मुलगी ईशा डोकावली. "मॉम, इट्स लाइक अ फ्रिज," म्हणाली आणि माझ्याच खुर्चीत बसली. तिच्यामागून काठी टेकत बाबा आले. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे, आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. त्यांनी चष्मा वर सरकवून डब्याच्या काचेतून आत पाहिलं, पंख्यांचे रंगीत दिवे पाहिले, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅथ को-प्रोसेसर आहे ना आत?"

मी खो-खो हसले. ईशाला काही कळलं नाही. तो विनोद कळायला एका हिवाळ्यात आमच्या जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये असावं लागतं.

बाबा ड्राफ्ट्समन होते. इंजिनिअर लोक इमारत ठरवायचे आणि बाबा ती कागदावर उतरवायचे. सांगलीत हेच करत होते, टोरोंटोला आले तरी हेच केलं. त्यांना एक वास होता. अमोनियाचा. ड्रॉइंगच्या प्रती काढायचं मशीन त्यांच्या टेबलाशेजारीच होतं. त्यातून निळ्या रेघांचे कोमट, दमट कागद बाहेर यायचे आणि त्यांच्याबरोबर तो नाकात घुसणारा वास. तो बाबांच्या कोटात, मफलरमध्ये, केसांत बसायचा. आई त्यांचा कोट घरात येऊ देत नसे, गराजमध्ये टांगायची. मला मात्र लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांना असा वास असतो. मैत्रिणीच्या घरी तिच्या वडिलांना तो नव्हता, तेव्हा मला त्या माणसाबद्दल जरा शंकाच आली होती.

घरीही बेसमेंटमध्ये त्यांचा तिरका बोर्ड होता. त्यावर वरखाली सरकणारी लांब पट्टी. कागद घासून स्वच्छ करायची पावडर, खोडरबराचा चुरा, आणि शाईची चुकलेली रेघ खरवडायला दाढीचं पातं. ते पातं कागदावरून फिरायचं तेव्हा उंदराने काहीतरी कुरतडावं तसा बारीक आवाज यायचा. त्यांचं अक्षर तर इतकं सारखं आणि सुबक, की आमची ग्रोसरीची चिठ्ठीसुद्धा भिंतीवर लावावी अशी दिसायची. आणि एक सवय होती. कुठलीही मोठी वस्तू पाहिली की ते मनातल्या मनात तिला पन्नासने भागायचे. नवा सोफा आला की म्हणायचे, "कागदावर दीड इंच." मोठ्याचं लहान करणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

मी वॉटर्लूला इंजिनिअरिंगला गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या ऑफिसने जाहीर केलं की आता सगळं कॉम्प्युटरवर. बोर्ड हलवणार. कॉम्प्युटरवर काढून दाखवायची परीक्षा होईल, जमेल त्याने राहायचं. जागा सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या हे उघड होतं.

बाबा घरी येऊन म्हणाले, "नापास झालो तर सरळ परत जाऊ. तिकडे अजून हाताने काढतात."

आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात 'परत जाऊ' हे वाक्य होतं, कॅलेंडरसारखं भिंतीवर टांगलेलं. कुणी जात नसे. पण आईच्या तोंडी ते खरं होतं. सांगलीला विश्रामबागेत त्यांचा एक प्लॉट होता, शेजारच्याच गल्लीत तिच्या दोघी बहिणी. इथे ती एका कपड्यांच्या दुकानात स्वेटरच्या घड्या घालायची. त्या शनिवार-रविवारी मी घरी आले होते. पोळ्या लाटता लाटता तिने मला सरळच सांगितलं, "मला विचारशील तर ते नापास झालेले मला चालतील."

"आई! अँड व्हॉट अबाउट मी?" मी विचारलं. मी तेव्हा तिच्याशी निम्मं इंग्रजीतच बोलायची.

"तू शिकून ये मागनं," ती म्हणाली. पुढची पोळी तव्यावर टाकली. मला राग आला आणि भीतीही वाटली. आई-बाबा एका देशात आणि मी दुसऱ्या, हे मला नको होतं. बाबांनी पास व्हावं म्हणून मी त्या हिवाळ्यात जितकी धडपड केली तितकी स्वतःच्या परीक्षांसाठी केली नाही.

सरावासाठी घरी कॉम्प्युटर आणला. पडदा म्हणजे लहानसं कपाटच होतं, बाबा आणि मी तो दोन्हीकडून धरून जिन्यावरून खाली नेला. सॉफ्टवेअर चढवलं, सुरू केलं, आणि काळ्या पडद्यावर एक ओळ आली: मॅथ को-प्रोसेसर नाही, चालणार नाही. आमचे चेहरे पडले. त्या काळी गणितासाठी वेगळी चिप लागायची आणि स्वस्तातल्या मशीनमध्ये तिची जागा रिकामीच असायची. बाबांनी डबा उघडून त्या रिकाम्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं. "कॉम्प्युटरला गणित येत नाही?" ते म्हणाले. "मग येतं काय?" पुढच्या शनिवारी चिप आणून बसवली. तेव्हापासून घरात कुणी बेरजेत चुकलं की "को-प्रोसेसर बसवून घे" असं म्हणायची पद्धत पडली.

एवढ्यावरही भागलं नाही. सॉफ्टवेअरची कुणी नक्कल करू नये म्हणून त्याला कुलूप असायचं. बोटाएवढा एक ठोकळा, तो डब्याच्या मागे खोचला तरच ते उघडायचं. बाबांचे साहेब डग यांनी तो ठोकळा शनिवार-रविवारसाठी घरी न्यायला परवानगी दिली होती. बाबा शुक्रवारी तो धुतलेल्या जेवणाच्या डब्यात ठेवून आणायचे. "डब्यात उरलेली भाजी बरी होती," आई म्हणायची, आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी खुंटीला अडकवायची.

खरी अडचण मात्र पुढेच होती. बाबांना टाइप करता येत नव्हतं. तेव्हा रेघ काढायची म्हणजे 'लाइन' असं टाइप करायचं, मग आकडे, मग एंटर. बाबा एक बोट हवेत धरून अक्षर शोधायचे आणि सापडेपर्यंत आकडा विसरायचे. हे दोन-तीनदा पाहिल्यावर आई जिन्याच्या पायरीवरून उठली. "सरका," म्हणाली.

आईने लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि त्यात ती पहिली आली होती. हे ती इतक्या वेळा सांगायची की आम्ही ऐकणं सोडून दिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिची नजर पडद्यावर, पाठ ताठ, आणि बोटं आपली आपण पळतायत. सांगलीच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून निघाल्यापासून इतकी वर्षं त्या बोटांना कुणी काम दिलं नव्हतं. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, आणि मी तो बोलून दाखवला नाही. तेव्हा आमच्या घरात तसं बोलत नसत.

मग दोघांचं जुळलं. बाबा बोर्डासमोर बसून माप सांगायचे, आई टाइप करायची. सरावाला काय काढायचं हा प्रश्नच आला नाही. आई म्हणाली, "आपलं घर काढा." म्हणजे विश्रामबागच्या प्लॉटवरचं, अजून न बांधलेलं. मी महिन्यातून एकदा बसने यायची तेव्हा ते थोडं पुढे सरकलेलं असायचं. काळ्या पडद्यावर रंगीत रेघा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर ठेवतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखी. भिंती एकीवर, दारं दुसरीवर. आईने लेअरना नावं दिली ती इंग्रजी अक्षरांत पण आपलीच: भिंत, दार, मोरी, देवघर. भिंती राणी रंगाच्या, खिडक्या हळदी. मॅजेन्टा म्हणजे राणी रंग हे तिला सांगावं लागलं नाही.

विटांची नक्षी भरायला लावली की मशीन विचारात पडायचं. पडदा एकेक रेघ करून भरत जायचा, वरपासून खालपर्यंत. तेवढ्यात आई वर जाऊन आल्याचा चहा टाकायची आणि घेऊन यायची. तोवर भिंत बहुतेक झालेली असायची. घर तापवणाऱ्या फर्नेसचा घुमणारा आवाज, गरम झालेल्या धुळीचा वास, बाहेर खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ, आणि ती दोघं कप धरून भिंत पुरी होण्याची वाट बघत बसलेली. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला असावं, बहिणी आल्या तर कुठे झोपतील, यावर बोलायची. इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. माझं नवं मशीन पापणी लवायच्या आत सगळं काढतं. त्याच्यासमोर बसून चहाही गार होत नाही.

परीक्षेत आई शेजारी नसणार होती. म्हणून तिने बाबांना टायपिंग शिकवलं, अगदी इन्स्टिट्यूटच्या शिस्तीने. कीबोर्डवर चहाचं फडकं टाकायचं आणि त्याखाली बोटं: ए, एस, डी, एफ. "खाली बघायचं नाही, अहो." बाबा जेवणाच्या टेबलावरही बोटं आपटत असायचे. जी बाई नापास व्हा म्हणत होती, ती घोकून घेत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "शिकवायला बसलं की नीटच शिकवावं लागतं."

परीक्षा शुक्रवारी झाली. एका अग्निशमन केंद्राचा तळमजला काढायचा आणि प्लॉटरवर, म्हणजे पेनने रेघा ओढणाऱ्या मशीनवर, छापून दाखवायचा. बाबांनी वेळेत काढला. पडद्यावर चोख दिसत होता. मग प्लॉटर सुरू झाला, पेन कागदावर गेलं, जरासं थरथरलं, आणि थांबलं. मोठाच्या मोठा कागद कोरा बाहेर आला. सगळ्यांना वाटलं शाई वाळली. पेन बदललं, पुन्हा तेच. शेवटी डगने कागद उजेडात धरला. खालच्या कोपऱ्यात जिऱ्याच्या दाण्याएवढा एक काळा ठिपका होता.

"व्हेअर्स माय बिल्डिंग, बडी?" डगने विचारलं. लोक हसले. काय चुकलं ते डगलाही सांगता येईना, तोही बोर्डाच्याच शाळेतला. ज्या एक-दोघांना कळलं असेल ते गप्प राहिले, जागा थोड्या होत्या. डग भला माणूस, म्हणाला, "सोमवारी आणखी एकदा कर. पण तेवढंच." आणि ठोकळा पुन्हा बाबांच्या हातात दिला.

हे मला शनिवारी कळलं. मी दर शनिवारी रेसिडन्सच्या कॉरिडॉरमधल्या फोनवरून घरी कलेक्ट कॉल करायची, पैसे घरच्या बिलात लागायचे. आईने उचलला. बाबा बाहेर ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होते, कालपासून धड बोलले नव्हते. आईने जिऱ्याचा ठिपका सांगितला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"आई, ते स्केलने काढतायत! आधीच लहान करून! कॉम्प्युटरवर फुल साइज काढायचं असतं. वन इज टू वन. लहान फक्त छापताना करायचं. त्यांनी दोनदा लहान केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे घर जेवढं आहे, तेवढंच काढायचं."

मागे फावडं डांबरावर घासल्याचं ऐकू येत होतं. "एवढ्याशा काचेत?" तिने विचारलं.

"हो. कितीही मोठं मावतं त्यात. सांगशील ना त्यांना?"

"सांगते," आई म्हणाली, आणि मी जेवते की नाही ते विचारून फोन ठेवला.

आम्हा कॉलेजात शिकलेल्यांना हे कुणी वेगळं शिकवलंच नव्हतं. आम्ही बोर्डावर कधी बसलोच नाही, तर लहान करायची सवय लागणार कुठून? ही चूक फक्त ज्याचा हात वर्षानुवर्षं बसलेला आहे त्याच्याकडूनच होऊ शकत होती. म्हणून बेसमेंटमधलं विश्रामबागचं घरही तसंच होतं, पडद्यावर टोलेजंग आणि आत खेळण्यातल्याएवढं.

सोमवारी बाबांनी अग्निशमन केंद्र खऱ्या मापाने काढलं. छापून आलं ते कागदभर. डगने पडद्यावरच्या एका लेअरच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "व्हॉट्स अ भिंट?" "वॉल," बाबा म्हणाले. डग म्हणाला, ठीक आहे. बाबांची नोकरी राहिली आणि ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. विश्रामबागचं घर नंतर कुणी उघडलं नाही. प्लॉट पुढे आईच्या भाच्याला दिला. ती दुकानात स्वेटरच्या घड्या घालत राहिली, मग मॅनेजरने तिला कॉम्प्युटरवर बसवलं, मग ईशा झाली. आई सुट्टीत सांगलीला जायची आणि परत यायची. प्रत्येक वेळी विमानतळावरून घरी येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत असायची, आणि आम्ही म्हणायचो तिला जेट लॅग झालाय.

त्या वसंतात बाबांचा कोट घरात आला. ऑफिसमधलं ते प्रती काढायचं मशीन काढून टाकलं होतं. कोट धुऊन कपाटात टांगला तरी मी त्याला नाक लावून पाहिलं. साबणाचा वास येत होता. नंतर एकदा कामाच्या निमित्ताने एका जुन्या नगरपालिकेच्या तळघरात जावं लागलं, तिथे जुन्या निळ्या ड्रॉइंगचे गठ्ठे होते, त्यांना तो अगदी पुसट वास होता. मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ थांबले.

हे सगळं मी त्या दिवशी ईशाला सांगितलं, नवं मशीन चालू होता होता. जिऱ्याची गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना सांगायची गोष्ट आहे, माझी ती घासूनपुसून तयार आहे. ईशा हसत होती. "वेट, सो आजी फिक्स्ड इट?" तिने विचारलं.

"हो ना. मी सांगितलं, आजीने फोन ठेवला आणि लगेच बाहेर जाऊन आजोबांना..."

"लगेच नाही," बाबा म्हणाले.

ते खोलीतल्या पलंगाच्या कडेला बसले होते, दोन्ही हात काठीवर. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सोमवारी सकाळी सांगितलं तिने. मी बूट घालत होतो. दार उघडलं होतं, थंडी आत येत होती. तेव्हा म्हणाली, अहो, घर जेवढं आहे तेवढंच काढायचं, पोरीने सांगितलंय."

"पण मी तर शनिवारी..."

"मला माहीत आहे. फोनचं बिल आलं तेव्हा तारीख पाहिली." बाबांच्या आवाजात काही नव्हतं, मोजमाप सांगावं तसं सांगत होते. "रविवारी दिवसभर बसली होती माझ्याशेजारी. मी आकडे सांगत होतो, ती टाइप करत होती. सगळे चुकीचे. चहा दोनदा केला."

तो रविवार मी कधी पाहिलाच नव्हता, आणि आता तो मला नीट दिसत होता. आई ताठ बसलेली, बोटं पळतायत, आणि एक वाक्य तोंडात धरून ठेवलेलं. ते गिळलं असतं तर काही दिवसांनी ती बहिणींच्या गल्लीत असती. कुणाला कधी कळलंही नसतं.

"तुम्ही विचारलं नाही तिला? एवढ्या वर्षांत?"

"काय विचारायचं?" बाबा म्हणाले. ईशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन दिवस सांगलीला जाऊन आली ती. सोमवारी परत आली ना."